पडदा काळा, पण यंत्र बोलते

सप्टेंबर महिना उजाडला, की वैनगंगेच्या खोऱ्यातील आमच्या बालाघाट जिल्ह्यात एक निराळीच धांदल सुरू होते. धान अद्याप शेतात उभे असते, कोठे कोठे ते नुकतेच निसवू लागलेले असते. परंतु ते पुढे सरकारी केंद्रावर विकावयाचे असेल, तर शेतकऱ्याला आपली नोंदणी आधीच, ठरलेल्या मुदतीच्या आत, संगणकाद्वारे करून घ्यावी लागते. जमिनीचा खसरा, आधार क्रमांक, बँकेचे खाते, समग्र क्रमांक असे सारे कागद जुळवावे लागतात. साहजिकच वारासिवनी, लांजी, कटंगी, किरनापूर या भागांत ज्या कोणा घरी संगणक आहे आणि तो चालविणारा एखादा शिकलेला मुलगा अथवा मुलगी आहे, त्या घराच्या ओसरीवर सकाळपासून माणसे येऊन बसतात. आणि नेमक्या याच दिवसांत, तीन-चार महिने ओली हवा प्यालेला तो संगणक रुसून बसतो. बटण दाबले की दिवा लागतो, पंखा फिरू लागतो. पडदा मात्र काळाच्या काळा, आणि पेटीच्या पोटातून बारीक पण कर्कश असा 'बीप, बीप, बीप' आवाज येत राहतो.

अशा वेळी घरात जी घाबरगुंडी उडते, ती पाहण्यासारखी असते. कोणी बटण पुन्हा पुन्हा दाबतो, कोणी पेटीला थापट्या मारतो, कोणी वायरी ओढून पाहतो. अखेरीस ती पेटी गोणपाटात गुंडाळून मोटारसायकलवर बांधली जाते आणि तालुक्याच्या गावी अथवा थेट गोंदियाला रवाना होते. तेथे कारागीर जे सांगेल ते निमूटपणे मान्य केले जाते. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच, की ही पेटी मोटारसायकलवर बांधण्यापूर्वी तिचे म्हणणे आपण नीट ऐकून घ्यावे. कारण हा बीप म्हणजे यंत्राने प्राण सोडल्याची खूण नव्हे. त्याचा अर्थ असा, की यंत्र जिवंत आहे, त्याला आपला आजार कळला आहे आणि तो ते आपल्या परीने सांगत आहे.

हे कसे, ते समजण्यासाठी संगणक जागा कसा होतो ते पाहिले पाहिजे. आपण ज्या पेटीला सरसकट 'सीपीयू' म्हणतो, ती वस्तुतः नुसती पेटी होय. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, हा तिच्या आत पंख्याखाली दडलेला, दोन-तीन बोटे रुंदीचा चौकोनी तुकडा असतो. पेटीतच विजेचा पुरवठा करणारा एक पत्र्याचा डबा असतो. त्यास एसएमपीएस म्हणतात. घरातील २३० व्होल्टची वीज घेऊन तो तिच्यापासून १२, ५ आणि ३.३ व्होल्ट असे सौम्य दाब तयार करतो. हे दाब स्थिर झाले, की तो मदरबोर्डाला तसा इशारा देतो. या साऱ्याला बहुधा अर्धा सेकंददेखील लागत नाही. इशारा मिळताच प्रोसेसर जागा होतो. पण त्या क्षणी तो अगदी तान्ह्या बाळासारखा असतो. त्याला विंडोज ठाऊक नसते, आपल्या फाइली ठाऊक नसतात, पडदा म्हणून काही वस्तू आहे हेही ठाऊक नसते. मदरबोर्डवरील एका छोट्या चिपमध्ये, एका ठराविक जागी, आपल्यासाठी पहिली आज्ञा लिहून ठेवलेली आहे, एवढेच त्याला कळते. त्या चिपमधील आज्ञावलीला 'बायोस' म्हणतात. अलीकडच्या यंत्रांत तिची जागा 'यूईएफआय' नावाच्या नव्या आज्ञावलीने घेतली आहे; तरी लोकांच्या तोंडी जुनेच नाव राहिले आहे.

ही आज्ञावली विंडोजला हाक मारण्यापूर्वी सर्व घराची झडती घेते: मदरबोर्ड ठीक आहे काय, रॅम जागेवर आहे काय, ती लिहिलेले परत वाचून दाखविते काय, पडद्यावर चित्र पाठविणारा भाग उत्तर देतो काय. या झडतीला इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून 'पोस्ट' असे नाव पडले आहे. टपालाशी त्याचा काही संबंध नाही. आता अडचण अशी, की पडद्यावर अक्षरे उमटविण्याची सोय या झडतीच्या उत्तरार्धात तयार होते. त्याआधीच काही बिघडलेले आढळले, तर ते लिहून दाखवावयाचे कोठे? म्हणून यंत्र करणाऱ्यांनी एका लहानशा भोंग्याची योजना केली. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम कंपनीने अमेरिकेत आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला, त्यातही ही झडती आणि हा भोंगा होता. सर्व ठीक असेल तर एक आखूड बीप, पडद्याच्या कार्डात दोष असेल तर एक लांब व दोन आखूड, असा तो संकेत होता. आपल्यातील वडीलधाऱ्यांना तारघरातील 'कट्ट-कडकट्ट' आठवत असेल. तारबाबू त्या आवाजावरून अक्षरे उतरवून घेत असे आणि आपल्याला ती नुसती खडखड वाटे. आपल्या देशातील तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली. परंतु लांब आणि आखूड आवाजांनी निरोप देण्याची ती रीत या पेटीत अजून जिवंत आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

मात्र तारेची लिपी बहुतांशी एक होती. बीपची तशी नाही, आणि पुष्कळ घोटाळा येथेच होतो. बायोस लिहिणाऱ्या कंपन्या अनेक, आणि प्रत्येकीची बोली वेगळी. अमेरिकन मेगाट्रेंड्स ही त्यांपैकी एक प्रमुख कंपनी. सुब्रमण्यन शंकर आणि पॅट शर्मा यांनी ती १९८५ मध्ये अमेरिकेत स्थापन केली. या कंपनीच्या जुन्या संकेताप्रमाणे तीन आखूड बीप म्हणजे रॅमच्या प्रारंभीच्या भागात दोष, आणि आठ आखूड बीप म्हणजे पडद्याच्या स्मृतीत दोष. अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये लांबलांब बीप थांबून थांबून येत राहिले तर रॅमची तक्रार समजावी, आणि एक लांब व दोन आखूड आले तर पडद्याच्या कार्डाची. उलट डेल कंपनीच्या बऱ्याच संगणकांत दोन बीप म्हणजे रॅम सापडत नाही, चार बीप म्हणजे रॅम आहे पण सदोष आहे, आणि तीन बीप म्हणजे खुद्द मदरबोर्डाचीच तक्रार. पाहा, तीन बीप एका पेटीत रॅमचे आणि दुसरीत मदरबोर्डाचे! म्हणून शेजाऱ्याच्या संगणकाचा अनुभव आपल्या संगणकास जसाच्या तसा लावू नये. कचेऱ्यांतून निघालेले जुने संगणक हल्ली आपल्याकडे पुष्कळ विकत घेतले जातात. त्यांवर कंपनीचे नाव व नमुन्याचा क्रमांक छापलेला असतो. तो क्रमांक मोबाइलवर शोधून त्याच नमुन्याचा संकेत पाहावा. एचपीच्या अनेक यंत्रांत तर बीपबरोबर समोरचा दिवाही तितक्याच वेळा लुकलुकतो, म्हणजे मोजणे आणखी सोपे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जिच्यासाठी मी लेखणी हाती घेतली. वारासिवनीकडील एका घरचा संगणक गतवर्षी असाच ऐन नोंदणीच्या दिवसांत बीप देऊ लागला. घरचा मुलगा गावकऱ्यांचे अर्ज भरून देतो. त्या संगणकात शेकडो लोकांचे खसरे, दाखले, छायाचित्रे साठविलेली होती. पेटी शहरातील एका दुकानी नेली. तेथे सांगण्यात आले, की विंडोज उडाली आहे, सर्व फॉरमॅट करावे लागेल, आतले काही राहणार नाही. मुलाचे वडील अत्यंत व्यथित होऊन म्हणाले, "फादर, लोकांनी विश्वासाने कागद दिले, आता त्यांना तोंड कसे दाखवू?" सुदैवाने मुलाला बीप वाजत असल्याचे स्मरण होते, आणि शाळेत संगणक शिकविणाऱ्या एका तरुण मास्तरांना त्याने ते जाऊन सांगितले. मास्तरांनी फॉरमॅट करू दिले नाही. पेटी परत आणून त्यांनी रॅमची पट्टी काढली, पुसली, पुन्हा बसविली, आणि दहा मिनिटांत पडद्यावर ओळखीचे चित्र आले. एक कागददेखील गेला नव्हता.

यात मास्तरांची जादू नव्हती, सरळ तर्क होता. विंडोज आणि आपल्या फाइली हार्ड डिस्कवर, अथवा नव्या यंत्रांत एसएसडीवर, असतात. झडती पुरी झाल्याखेरीज संगणक त्या डिस्ककडून विंडोज मागवीतच नाही. म्हणजे पडदा काळा असताना जो बीप येतो, तो विंडोज वाचण्याच्या आधीचा आहे; आणि ज्या वस्तूला अद्याप हाकही मारली नाही, तिच्यावर त्या बीपचा दोष कसा येईल? तेव्हा बीप देणाऱ्या, काळ्या पडद्याच्या संगणकास कोणी फॉरमॅटचा उपाय सांगू लागला, तर नम्रपणे पण ठामपणे नको म्हणावे आणि दुसऱ्या कारागिराकडे जावे. मदरबोर्ड अगदीच गेला असे निष्पन्न झाले, तरीही डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडता येते आणि तीवरचे कागद बहुधा जसेच्या तसे मिळतात. डिस्कला कुलूप घातलेले असेल, म्हणजे बिटलॉकर चालू असेल, तर मात्र त्याची किल्ली, म्हणजे लांबलचक आकडा, आपल्याजवळ लिहून ठेवलेली असावी लागते. पेटी दुकानात ठेवताना "डिस्क पुसावयाची नाही" असे पावतीवर लिहून घेण्यात संकोच कसला?

असो. आता घरच्या घरी काय करावे ते पाहू. पहिले काम हाताचे नव्हे, कानाचे. संगणक बंद करून पुन्हा एकदाच सुरू करावा आणि बीप मोजावे: किती, लांब की आखूड, मध्ये विराम कोठे. मोबाइलवर तो आवाज टिपून ठेवल्यास फारच उत्तम. कारागिरालाही तोच ऐकविता येतो. एकच आखूड बीप होऊन पडदा काळा राहिला, तर यंत्राची झडती बहुधा सुरळीत पार पडली आहे आणि दोष पडद्याच्या बाजूस आहे. अशा वेळी मॉनिटरची वायर ढिली झाली आहे काय ते पाहावे. पेटीत वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल, तर वायर मदरबोर्डाच्या तोंडात न लावता त्या कार्डाच्या तोंडात लावावयाची असते. घर झाडताना निघालेली वायर चुकीच्या तोंडात लावली जाणे, हे अगदी नेहमीचे. आणि एखादे पुस्तक अथवा कपबशी कळफलकावर ठेवली गेल्याने कळ दबून राहते व संगणक सारखा ओरडतो, असेही घडते. कळफलकाची वायर काढून पाहिली म्हणजे याचा उलगडा होतो.

उरलेल्या बीपांत आपल्या ओल्या प्रदेशात रॅमची तक्रार नेहमीची, आणि तीच घरी दूर होण्यासारखी असते. रॅम म्हणजे वीतभराहून लहान, हिरवी अथवा काळी पट्टी. तिच्या कडेस सोनेरी दातांची ओळ असते. डीडीआर ३ जातीच्या पट्टीस २४० आणि डीडीआर ४ जातीच्या पट्टीस २८८. हे दात मदरबोर्डाच्या खाचेतील तितक्याच स्प्रिंगांना टेकतात, आणि सर्व देवाणघेवाण त्या टेकण्यावर चालते. दातांवर सोन्याचा मुलामा असतो खरा, कारण सोने गंजत नाही. पण तो मुलामा अत्यंत पातळ, आणि त्याखाली आपल्या मलाजखंडच्या खाणीतून निघते तसले तांबे. पावसाळ्यात हवेतील ओल, चुलीचा धूर आणि धूळ यांचा एक अदृश्य थर तेथे बसतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण विजेच्या त्या इवल्याशा प्रवाहाला तो पुरेसा अडसर होतो. शेकडो दातांपैकी एक जरी नीट टेकला नाही, तरी झडती तेथेच थांबू शकते. त्यातून पेटी दिवसा तापते व रात्री निवते. या प्रसरण-आकुंचनाने पट्टी केसभर सरकते. पेटीत काही फुटले-मोडले नसतानाही ती एकाएकी बंद का पडते, याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते.

हे काम करताना घाई नसावी. प्रथम भिंतीतील बटण बंद करून पिन काढून घ्यावी. मग पेटीचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे, म्हणजे मदरबोर्डवर रेंगाळलेली वीज निघून जाते. पेटी टेबलावर आडवी ठेवून बाजूचा पत्रा उघडावा. पट्टीला हात लावण्यापूर्वी पेटीच्या न रंगविलेल्या धातूस क्षणभर स्पर्श करावा. कारण आपल्या अंगावर साचलेली वीज, विशेषतः हिवाळ्यातील कोरड्या हवेत, त्या नाजूक चिपा जाळू शकते. पट्टीच्या दोन टोकांस, अथवा काही मदरबोर्डांत एकाच टोकास, लहान खिट्ट्या असतात. त्या बाहेर सारल्या की पट्टी वर उचलली जाते. तिला कडेने धरावे, सोनेरी दातांस बोट लावू नये. दात पुसण्यास औषधाच्या अथवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल सर्वांत चांगले. ते न मिळाल्यास पेन्सिलीचे मऊ पांढरे खोडरबर हलक्या हाताने फिरवावे आणि त्याचा भुगा पेटीपासून दूर झटकावा. शाईचे खरखरीत खोडरबर वापरू नये, आणि पॉलिश कागद तर नावालाही नको. सोन्याचा मुलामाच निघून गेल्यावर पुसावयाचे तरी काय! खाचेत तोंडाने फुंकर घालण्याची सवय आपल्याकडे फार आहे. ती टाळावी, कारण फुंकरीबरोबर थुंकीची ओलही आत जाते.

बसविताना पट्टीतील खाच आणि मदरबोर्डावरील उंचवटा समोरासमोर आले पाहिजेत. डीडीआर ३ ची पट्टी डीडीआर ४ च्या घरात बसत नाही, म्हणून जोर करू नये. दोन्ही टोके सारखी दाबावी. 'टक्' असा आवाज होऊन खिट्टी आपोआप मिटली म्हणजे पट्टी बसली. पट्ट्या दोन असतील, तर आधी एकच बसवून पाहावी, मग दुसरी एकटी, मग घरे बदलून. एक पट्टी असता बीप येतो आणि दुसरी असता येत नाही, एवढे कळले, तरी दोषी कोण ते निश्चित झाले. दोन्ही पट्ट्या काढून टाकल्यावर आवाज बदलतो काय, हीसुद्धा एक नामी परीक्षा आहे. रॅम मुळीच नसताना जुना संगणक मोठ्याने तक्रार करतो. तशी केली, तर मदरबोर्ड व प्रोसेसर निदान विचार करण्याइतके शाबूत आहेत, असे अनुमान काढता येते.

पडद्याच्या कार्डाची तक्रार असल्यास तेही याच रीतीने काढून, पुसून बसवावे. प्रोसेसरचा तुकडा मात्र आपण उचलू नये. मदरबोर्डवरील लहान नळकांडी, ज्यांना कपॅसिटर म्हणतात, ती माथ्यावर फुगलेली वा पाझरलेली दिसली, तर तेथेच थांबावे. तो कारागिराचा विषय आहे. नव्या पुष्कळ मदरबोर्डांना भोंगाच नसतो. त्यांच्यावर चार बारीक दिवे असतात, त्यांपैकी जो लागून राहील तो दोषाचे ठिकाण दाखवितो.

दोन धोक्यांविषयी मात्र स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण ज्या घरांत हा संगणक आहे त्याच घरांत मुलेबाळे आहेत. एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नये. पिन काढल्यावरही त्याच्या पोटात ३०० व्होल्टांच्या आसपासची वीज काही काळ दबा धरून बसलेली असू शकते, आणि ती माणसाचा जीव घेऊ शकते. दुसरी गोष्ट त्या नाण्याएवढ्या चकचकीत बॅटरीची. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाची ३ व्होल्टची बॅटरी असते. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे तिचे काम. ती संपली म्हणजे तारीख एकदम अनेक वर्षे मागे जाते. डेलच्या बऱ्याच संगणकांत पाच बीप येतात ते तिचेच. ती बदलणे सोपे आहे. पण काढलेली बॅटरी टेबलावर टाकून देऊ नये. लहान मुलाने ती गिळली आणि ती घशाखाली अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांच्या आतही आतून गंभीर भाजू शकते. मुलाने गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट न पाहता तत्काळ इस्पितळ गाठावे. जुनी बॅटरी चिकटपट्टीत गुंडाळून मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी, आणि गावी जाणे होईल तेव्हा दुकानात देऊन टाकावी.

पावसाळ्यात संगणक पडून राहू देऊ नये. काम नसले तरी दोन दिवसांआड तासभर चालवावा, म्हणजे त्याच्याच उबेने आतील ओल उडते. पेटी जमिनीवर, ओल्या भिंतीला टेकवून ठेवण्यापेक्षा वीतभर उंच फळीवर ठेवावी. मागील बाजूच्या रिकाम्या फटींवर पत्र्याची पट्टी असावी, नाहीतर पाली उबेला आत शिरतात आणि मदरबोर्डवर मरून वीज जोडून देतात. विजा कडकडू लागल्या की बटण बंद करून भागत नाही. पिन काढावी आणि इंटरनेटची वायरही काढावी, कारण वीज त्या वाटेनेही येते.

आणि संगणक सुरळीत चालू असतानाच एक काम करून ठेवावे. एका कागदावर मदरबोर्डाचे अथवा यंत्राचे नाव, नमुन्याचा क्रमांक, रॅमची जात आणि रोज सकाळी सुरू होताना किती बीप येतात ते लिहावे, व तो कागद पेटीच्या बाजूस चिकटवावा. चिकटविण्यास घरची पिठाची खळ मात्र वापरू नये. तिच्या वासाने झुरळे आणि मुंग्या येतात, आणि पेटीच्या आतली ऊब त्यांना ओसरीवरील पाहुण्यांपेक्षाही अधिक मानवते.